अन्नपूर्णा बेस कॅम्पसाठी मुलीची तयारी: कोल्हापुरात घेतलेल्या आणि पोखऱ्यात भाड्याने घेतलेल्या साहित्याचे परीक्षण

दहावीची परीक्षा संपल्यावर एप्रिलमध्ये माझ्या सोळा वर्षांच्या मुलीला घेऊन मी नेपाळमधील अन्नपूर्णा बेस कॅम्पचा ट्रेक केला. त्यासाठी लागणारे साहित्य काही कोल्हापुरातून विकत घेतले, काही तिथल्या पोखरा शहरात भाड्याने घेतले आणि काही घरातलेच वापरले. ट्रेकनंतर प्रत्येक वस्तू कितपत उपयोगी पडली याचा हिशेब मांडला तेव्हा जे मत पक्के झाले ते आधीच सांगते. वाढत्या वयाच्या मुलांसाठी जे साहित्य अंगाला घासते, म्हणजे बूट, पायमोजे आणि सॅक, ते कोल्हापुरातच आणि किमान दोन-अडीच महिने आधी घ्यावे. जे साहित्य फक्त थंडी अडवते, म्हणजे पिसे भरलेले डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग, ते तिथे भाड्याने घ्यावे. आमच्या ओळखीतल्या बहुतेक घरांत याच्या नेमके उलट होताना मी पाहिले आहे. महागडे जॅकेट हौसेने आधी घरी येते आणि बूट निघण्याच्या आठवड्यात घेतले जातात.

या ट्रेकचे स्वरूप लक्षात घेतले की या मताचे कारण कळेल. अन्नपूर्णा बेस कॅम्प ४,१३० मीटर उंचीवर आहे. आपले कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर असलेले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे वाटेतले छोमरोंग हे गावच कळसूबाईच्या माथ्याहून बरेच उंच आहे आणि खरी चढाई त्याच्यापुढे सुरू होते. हजार मीटर वर गेले की तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते, त्यामुळे खालच्या गावांत घाम गाळणारी मुलगी दोन-तीन मुक्कामांनंतर शून्याच्या खालच्या रात्री काढते. वाट तांत्रिकदृष्ट्या कठीण नाही; दोर किंवा बर्फातल्या कुऱ्हाडी लागत नाहीत. मात्र दगडी पायऱ्या अक्षरशः हजारोंनी आहेत, आणि छोमरोंगहून ओढ्यापर्यंत उतरून पुन्हा सिनुवा गावापर्यंत चढताना, व परतीच्या वाटेवर तोच प्रकार उलट्या दिशेने करताना, सर्वांत जास्त कस लागतो तो पायांच्या बोटांचा आणि गुडघ्यांचा.

बूट आम्ही शाहूपुरीतल्या गिर्यारोहणाच्या साहित्याच्या एका लहान दुकानातून घेतले. दुकान चालवणारे गृहस्थ स्वतः सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरणारे आहेत आणि दुकानात शिरताच ते किंमत सांगत नाहीत, कुठे जाणार, कोण जाणार आणि कधी जाणार हे विचारतात. आम्ही पहिल्यांदा गेलो ती वेळ सकाळी अकराची होती. मुलीचा पाय पाहून त्यांनी एकही खोका उघडला नाही. "वहिनी, आत्ता मापलेला बूट डोंगरात चावतोय. दिवसभर चालून पाय जरा भरू द्या, संध्याकाळी साडेसहाला पोरीला घेऊन या, आणि येताना जाड पायमोजे घालूनच या," असे सांगून त्यांनी आम्हाला परत पाठवले. गिऱ्हाईक हातचे जाईल याची चिंता न करणारा विक्रेता मला विश्वासार्ह वाटला, आणि दिवसाअखेर पाय थोडा सुजतो हे त्यांचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते.

संध्याकाळी त्यांनी जे केले ते मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मोठ्या शहरांतल्या चकचकीत दुकानांतही मला हे पाहायला मिळालेले नाही. दुकानाच्या मागच्या बाजूला त्यांनी एक फळी तिरकी टेकवून ठेवली आहे. बुटाची लेस आधी सैल ठेवून त्यांनी मुलीला पाय पुढे सरकवायला सांगितला आणि टाचेमागे स्वतःचे एक बोट सहज जाते का ते पाहिले. मग लेस घोट्याजवळ आवळून बांधली, तिला त्या फळीवर उताराकडे तोंड करून उभे केले आणि जागच्या जागी पाय आपटायला लावले. पहिल्या जोडीत अंगठा पुढे टेकला, तो जोड बाजूला गेला. दुसऱ्यात टाच उचलली जात होती. तिसरा जोड तिच्या नेहमीच्या मापापेक्षा एका क्रमांकाने मोठा निघाला आणि तो तिला नीट बसला. मुलीला रंग आवडला नव्हता, हेही सांगायला हवे. परंतु दुकानदारांनी तिच्याशी माझ्या डोक्यावरून न बोलता थेट बोलून, अंगठ्याचे नख काळे पडले की पुढचे चार दिवस कसे जातात हे तिला समजावले आणि निर्णय तिच्यावर सोडला. तिने रंग विसरून तोच जोड घेतला.

घोटा झाकणारा, मध्यम उंचीचा, खोल खाचांच्या तळव्याचा आणि आतून पाणी न येणारे अस्तर असलेला हा बूट साडेचार हजारांच्या आत मिळाला. मुलांचा पाय अजून वाढत असतो, म्हणून पुढच्या वर्षीही चालावा या विचाराने दोन क्रमांक मोठा बूट घेण्याचा मोह आईवडिलांना होतो. तो टाळावा. सैल बुटात पाय पुढेमागे घसरतो, फोड येतात आणि उतारावर घोटा मुरगळण्याचा धोका वाढतो. पायमोजे, पुढे अंगठ्याएवढी मोकळी जागा आणि घट्ट धरलेली टाच एवढे जमले की माप झाले. संपूर्ण ट्रेकमध्ये मुलीच्या पायाला एकही फोड आला नाही, आणि याचे निम्मे श्रेय मी बुटाला व निम्मे पायमोज्यांना देते. सुती पायमोजे घाम शोषून ओलेच राहतात आणि ओल्या कातडीला फोड लवकर येतात, म्हणून लोकरमिश्रित जाड पायमोज्यांचे तीन जोड घेतले: एक पायात, एक वाळत आणि एक फक्त रात्री झोपताना घालायचा. हा तिसरा जोड कधीही चालण्यासाठी वापरायचा नाही, हा नियम मुलीने कटाक्षाने पाळला. वर टी-हाउसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या मुक्कामाच्या साध्या लॉजमध्ये, ओले कपडे रात्रीत वाळत नाहीत, तिथे या नियमाची किंमत कळते.

बूट घरी आल्यापासून निघेपर्यंतचा काळ हा या साहित्याचाच भाग समजावा, कारण न रुळलेला उत्तम बूटही वाईटच. सुरुवातीला शिकवणीला जाताना, मग रंकाळ्याभोवतीच्या फेरीला तिने तेच बूट घातले. पण रंकाळ्याची वाट सपाट आहे. तिथे दम वाढतो, उतरण्याची सवय होत नाही. म्हणून परीक्षा संपल्यावर गायमुखाकडून पायवाटेने जोतिबाचा डोंगर चढणे-उतरणे, त्यानंतर पन्हाळ्याच्या उतारावर सॅक घेऊन चालणे, आणि शेवटी मसाई पठारावर दिवसभराची चाल असा क्रम आम्ही ठेवला. कोल्हापूरच्या मुलांना या बाबतीत खरोखर भाग्यवान म्हटले पाहिजे. पन्हाळा शहरापासून वीस किलोमीटरवर आहे, आणि १६६० सालच्या जुलैमध्ये शिवाजी महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून ज्या वाटेने विशाळगडाकडे निसटले त्या पन्हाळा ते पावनखिंड वाटेवर दर पावसाळ्यात अनेक संस्था मोहिमा काढतात. चिखल, पाऊस, पाठीवरचे ओझे आणि सलग दोन दिवसांची चाल या चारही गोष्टींचा सराव त्या एका मोहिमेत होतो. एप्रिलमध्ये नेपाळला जायचे असेल तर आदल्या जुलैत मुलांना तिथे पाठवावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. शिवाय कोल्हापूरच्या कस्तुरी सावेकरने २०२२ मध्ये एव्हरेस्ट सर केल्यापासून आपल्याकडच्या मुलींना डोंगर परका वाटत नाही, हा बदल मला आमच्याच घरात जाणवला.

सॅक याच दुकानातून घेतली आणि ती निवडतानाही माप हाच मुद्दा होता. सॅकचे माप लिटरमध्ये सांगतात, पण अंगावर ती बसते पाठीच्या लांबीप्रमाणे. मान खाली घातल्यावर मानेच्या मुळाशी जे हाड उठून दिसते तिथपासून कंबरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून त्यांनी त्या लांबीला जुळणारी, पट्ट्यांची उंची कमीजास्त करता येणारी पंचेचाळीस लिटरची सॅक काढून दिली. आत सहा किलो वजनाच्या वाळूच्या पिशव्या भरून मुलीला दुकानातच दहा मिनिटे फिरवले. कंबरपट्टा नितंबांच्या हाडांवर नीट बसला तर वजनाचा मोठा भाग कंबर पेलते आणि खांदे मोकळे राहतात. तो पोटावर बसला तर श्वास अडतो, आणि खाली घसरला तर सगळा भार खांद्यावर येतो. किडकिडीत मुलामुलींच्या बाबतीत एक अडचण हमखास येते: मोठ्यांच्या सॅकचा कंबरपट्टा शेवटपर्यंत आवळूनही सैलच राहतो. म्हणून पट्टा पूर्ण आवळल्यावर बकलाच्या दोन्ही बाजूंना आवळायला आणखी जागा शिल्लक आहे का हे पाहूनच सॅक घ्यावी. ट्रेकमध्ये वजन उतरते, कपड्यांचे थर कमी होतात आणि तेव्हा ती शिल्लक जागा उपयोगी पडते.

ओझे किती द्यावे याबाबत मुलाच्या स्वतःच्या वजनाच्या पंधरा टक्क्यांच्या आसपास हा सर्वमान्य अंदाज आम्ही पाळला. पंचेचाळीस किलोच्या मुलीला सहा-सात किलो म्हणजे पाण्यासहित तेवढेच. उरलेले सामान एका कापडी डफलबॅगमध्ये पोर्टरकडे होते आणि दोघींचे मिळून ते पंधरा किलोंच्या पुढे जाऊ दिले नाही. पोर्टर हाही माणूस आहे, आणि आपल्या हौसेचे ओझे त्याच्या पाठीवर जाऊ नये, हे मुलांना सॅक भरतानाच कळले पाहिजे.

सॅक भरली ती मुलीने स्वतः. मी यादी केली, वस्तू पलंगावर मांडल्या आणि खोलीबाहेर गेले. हा भाग कोणत्याही खरेदीपेक्षा महत्त्वाचा आहे असे मला वाटते, कारण आईने भरलेल्या सॅकमध्ये कोणती वस्तू कुठे आहे हे आईलाच माहीत असते. झोपायचे कपडे तळाशी, जड वस्तू पाठीला चिकटून मधोमध, पावसाचे जॅकेट आणि कानटोपी वरच्या कप्प्यात, पाणी व खाऊ बाजूच्या कप्प्यांत, आणि सगळे आतून एका जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ही पद्धत तिने दुकानदारांकडूनच शिकून घेतली होती. निघण्याच्या आदल्या रात्री तिने दिवे बंद करून सॅकमधून हेडटॉर्च, हातमोजे आणि औषधांची डबी हाताने चाचपून काढण्याचा सराव केला. पुढे बेस कॅम्पच्या वाटेवरच्या देउरालीच्या परिसरात याचा प्रत्यक्ष उपयोग झाला. हिंकू गुंफेपासून देउरालीच्या वरपर्यंतच्या पट्ट्यात वसंत ऋतूत हिमप्रपाताचा धोका असतो, त्यामुळे ऊन चढण्याआधी तो भाग पार करण्यासाठी गाइड पहाटे अंधारात उठवतात. त्या वेळी खोलीत वीज नव्हती, सगळे जण सामान शोधत होते आणि मुलगी बूट बांधून दारात उभी होती.

आता ज्या वस्तूने निराशा केली तिच्याविषयी. पावसाचे जॅकेट मी दुसरीकडून, ऑनलाइन मागवले होते. जाहिरातीत कापडाची जलरोधक क्षमता दहा हजार मिलिमीटर असल्याचे लिहिले होते आणि कापड खरोखर चांगले निघाले. पण अशा जॅकेटच्या शिवणींवर आतून जी पट्टी चिकटवलेली असते ती खांद्याच्या शिवणीवर पूर्ण नव्हती, आणि दुपारी गारांसह पाऊस आला तेव्हा पाणी नेमके तिथूनच झिरपले. आतला उबदार फ्लीसचा कोट भिजला, मुलगी कुडकुडली आणि सॅकमध्ये ठेवलेला कोरडा सुती-विरहित टी-शर्ट कामी आला. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने वापरलेली वस्तू परत घेण्यास नकार दिला. एप्रिलमध्ये अन्नपूर्णेच्या खोऱ्यात दुपारनंतर ढग येणे आणि पाऊस किंवा गारा पडणे नेहमीचे आहे, तेव्हा जॅकेट घेताना आकडा वाचण्याआधी ते उलटे करून प्रत्येक शिवण, टोपीची आणि काखेतलीही, बोटाने तपासावी. घरी बादलीभर पाणी ओतून पाहिले तर आणखी चांगले. पोखऱ्यात स्वस्त पोंचो मिळतात, तेही सॅकसकट अंग झाकतात. वाऱ्यात ते फडफडतात एवढाच दोष.

बाकीच्या कपड्यांवर फारसे लिहिण्यासारखे नाही. घाम वाळवणारे पूर्ण बाह्यांचे दोन टी-शर्ट, एक फ्लीस, दोन हलक्या पँट, थर्मलचा एक संच, कानटोपी, हातमोजे. जीन्स अजिबात नेऊ नये. भिजली की ती दुप्पट जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. मुलीने हट्टाने नेऊ पाहिलेली एक जीन्स दुकानदारांचे नाव काढताच तिनेच बाजूला ठेवली.

डाऊन जॅकेट आणि स्लीपिंग बॅग कोल्हापुरात घेऊ नये, असे मी म्हणते त्याला तीन कारणे आहेत. एक, एप्रिलच्या कोल्हापुरी उकाड्यात या वस्तू अंगावर घालून पारखताच येत नाहीत, त्यामुळे बूट व सॅकसारखी चाचणी इथे अशक्य आहे. दोन, सोळाव्या वर्षी घेतलेले जॅकेट अठराव्या वर्षी आखूड होते आणि मधल्या काळात इथे ते कपाटात पडून राहते. दाबून ठेवलेल्या पिसांची फुगण्याची ताकदही कमी होते. तीन, पोखऱ्याच्या लेकसाइड भागात आणि काठमांडूच्या ठमेलमध्ये अशा वस्तू भाड्याने देणारी दुकाने ओळीने आहेत. आम्हाला जॅकेट आणि स्लीपिंग बॅग या दोन्हींसाठी मिळून दिवसाला तीनशे नेपाळी रुपयांच्या आत भाडे पडले, आणि अनामत रक्कम ठेवावी लागली. भारतीय शंभर रुपये म्हणजे नेपाळी १६० रुपये हा दर ठरलेला असल्याने हिशेब सोपा जातो.

भाड्याची वस्तू मात्र डोळ्यांत तेल घालून पाहिली पाहिजे. जॅकेट उंच धरून त्यातून उजेड किती आरपार दिसतो ते पाहावे. जिथे उजेड जास्त तिथे पिसे सरकलेली असतात. स्लीपिंग बॅगची चेन दोन्ही टोकांपर्यंत तीन-चारदा लावून पाहावी. आम्हाला आधी दाखवलेल्या बॅगची चेन गुडघ्याजवळ अडकत होती, ती बदलून घेतली. सर्वांत जास्त गोंधळ होतो तो लेबलावरच्या तापमानांचा. मान्यताप्राप्त मापनपद्धतीनुसार चाचणी झालेल्या बॅगवर कम्फर्ट, लिमिट आणि एक्स्ट्रीम असे तीन आकडे असतात. कम्फर्ट हा आकडा सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल अशा तापमानाचा, लिमिट हा सर्वसाधारण पुरुषाला अंग आखडून का होईना रात्र काढता येईल अशा तापमानाचा, आणि एक्स्ट्रीम म्हणजे केवळ जीव वाचण्यापुरता. दुकानदार बहुधा शेवटचा आकडा मोठ्याने सांगतात. बारीक अंगाच्या मुलीसाठी फक्त कम्फर्टचा आकडा पाहायचा. वर टी-हाउसमध्ये गोधड्या मिळतात, पण गर्दीच्या दिवसांत प्रत्येकी एकच येते, म्हणून बॅग असलेली बरी. आमची भाड्याची बॅग शून्याच्या खालच्या रात्रीही पुरेशी उबदार ठरली, आणि आत घालायचे सुती अस्तर मी घरीच जुन्या चादरीचे शिवून नेले होते, त्यामुळे इतरांनी वापरलेल्या बॅगचा किळसवाणा विचार मुलीच्या मनात आला नाही.

लहान वस्तूंपैकी तीन विशेष उपयोगी ठरल्या. पहिली, चांगला काळा चष्मा. हजार मीटर वर गेले की अतिनील किरणांची तीव्रता दहा टक्क्यांच्या आसपास वाढते आणि ताजा बर्फ त्यांतील बहुतांश परत डोळ्यांवर फेकतो. रस्त्यावरचा नुसता काळ्या काचेचा चष्मा इथे अपायकारक आहे, कारण काळोखाने बाहुली मोठी होते आणि किरण अडत नाहीत. दुसरी, चालताना टेकायच्या काठ्यांची जोडी. कोपर काटकोनात राहील एवढी त्यांची उंची ठेवावी आणि उतरताना थोडी वाढवावी. छोमरोंगच्या पायऱ्यांवर गुडघ्यांना याचा फरक लगेच जाणवतो. तिसरी, पाणी शुद्ध करण्याच्या गोळ्या आणि एक लिटरच्या दोन बाटल्या. छोमरोंगच्या वर प्लास्टिकच्या बाटलीतले पाणी विकत नाहीत, ते योग्यच आहे. आणि मुलींच्या आईंना सांगते, पाळीची तारीख असो वा नसो, सॅनिटरी पॅड भरपूर न्यावेत. उंचीवर आणि श्रमांत पाळी मागेपुढे होते, वर दुकाने नाहीत, आणि वापरलेले पॅड कागदात गुंडाळून खाली आणण्यासाठी वेगळी बंद होणारी पिशवी द्यावी.

औषधांविषयी मी बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आधी घेतला होता आणि तो प्रत्येकाने घ्यावा, विशेषतः उंचीचा त्रास टाळण्यासाठीचे ॲसिटाझोलामाइड द्यायचे असेल तर, कारण सल्फा औषधांची ॲलर्जी असलेल्यांना ते चालत नाही आणि मात्रा वजनावर ठरते. औषधापेक्षा मुक्कामांची आखणी महत्त्वाची. तीन हजार मीटरच्या वर रोजच्या झोपण्याच्या उंचीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढ करू नये असा वैद्यकीय सल्ला आहे. सुमारे ३,२०० मीटरवरच्या देउरालीहून त्याच दिवशी बेस कॅम्प गाठून तिथेच झोपणारे पुष्कळ असतात. आम्ही मधे ३,७०० मीटरवरच्या माछापुछ्रे बेस कॅम्पला मुक्काम केला आणि मुलीचे डोके तिथे एक संध्याकाळ जड झाले तेवढेच. या वयातली मुले मोठ्यांच्या बरोबरीने चालण्याच्या ईर्ष्येने डोकेदुखी लपवतात. म्हणून घरूनच ठरवले होते की गाइडदादा रोज संध्याकाळी तिला एकटीला विचारतील आणि तिने त्यांना खरे सांगायचे. मला सांगणे तिला जड गेले असते. डोकेदुखीसोबत उलटी, तोल जाणे किंवा बसल्या जागी धाप लागणे दिसले की खाली उतरणे हाच उपाय, हे तिला तोंडपाठ होते.

खाण्याच्या बाबतीत कोल्हापूरकरांनी मनाची तयारी ठेवावी. छोमरोंगच्या पुढचे खोरे स्थानिक गुरुंग लोक पवित्र मानतात आणि तिथे मांस नेत नाहीत, त्यामुळे तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची सवय असलेल्या मुलीला डाळ-भातावर राहावे लागले. तिला तो आवडला, कारण डाळ-भात पुन्हा मागता येतो. सोबत नेलेले शेंगदाणे आणि कोल्हापुरी गूळ, वड्या करून बटर पेपरमध्ये एकेकटी गुंडाळलेली, चॉकलेटपेक्षा जास्त खपली. भडंग मात्र पिशवीत चुरडते व वाऱ्यात उडते.

कागदपत्रांचे काम सर्वांत आधी उरकावे. भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा लागत नाही, पण विमानाने जाताना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागते. पंधरा ते अठरा वर्षांच्या मुलांकडे दोन्ही नसेल तर शाळेच्या मुख्याध्यापकांचे ठरावीक नमुन्यातले ओळखपत्र चालते. आमच्याकडे पासपोर्ट होता, आणि वडील सोबत नसल्याने त्यांचे संमतिपत्र जवळ ठेवले. प्रवास विमा घेताना किती मीटरपर्यंतच्या ट्रेकिंगला आणि हेलिकॉप्टरने खाली आणण्याला तो लागू आहे हे लेखी वाचून घ्यावे, कारण साध्या पॉलिसीत उंचीची मर्यादा असते. विमानात पॉवर बँक हातातल्या सामानातच ठेवावी लागते आणि काठ्या मात्र चेक-इन सामानात द्याव्या लागतात; यांची अदलाबदल झाली तर विमानतळावर सॅक उघडून बसावे लागते.

शाहूपुरीच्या त्या दुकानात उणिवाही आहेत. मुलींच्या मापाचे बूट आणि आखूड पाठीच्या सॅक मोजक्याच असतात, आणि माप नसेल तर मागवायला तीन आठवडे लागतात. खोक्यांवर किमती लिहिलेल्या नाहीत, प्रत्येक वेळी विचारावे लागते. रविवारी संध्याकाळी गर्दी असते आणि त्या फळीवर उभे राहण्यासाठी थांबावे लागते; दुकानदार कोणालाही घाईने आटोपत नाहीत, त्यामुळे थांबणेही लांबते. भाड्याने साहित्य देण्याची सोय त्यांच्याकडे नाही. परत आल्यावर बूट दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी तळवा तपासून आणखी एक मोसम सहज निघेल असे सांगितले आणि डाव्या बुटाची सुटू लागलेली कड पैसे न घेता चिकटवून दिली. एप्रिलच्या ट्रेकसाठी जाणाऱ्यांनी जानेवारीतल्या एखाद्या कामाच्या दिवशी, संध्याकाळी साडेसहानंतर, जाड पायमोजे घालून आणि मुलाला किंवा मुलीला सोबत घेऊनच तिथे जावे.